सगळ्यांच्या घरचं पाणी

माझ्या निरोपसमारंभात तिघांनी भाषणं केली आणि तिघांनीही एक गोष्ट सांगितली, की गुरुजी कधी खोटं बोलले नाहीत. मी हार गळ्यात घेऊन खाली बघत बसलो होतो. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पंचाहत्तरी उलटली आहे, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालं आहे, दुसरं व्हायचं आहे. त्याआधी हे लिहून काढतो.

बहात्तरच्या दुष्काळात मला नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. आमचा सगळा भाग परभणीत मोडायचा. शिरड शहापूरहून गाडीवाटेनं दीडेक तास चालत गेलं की ते गाव लागायचं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. शाळा दोन खोल्यांची, आम्ही दोन शिक्षक. पहिली-दुसरी मोठ्या गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मोठे गुरुजी निवृत्तीला आले होते आणि त्यांना काहीही घडायला नको होतं. मी बावीस वर्षांचा होतो, माझी नेमणूक अजून कायम झाली नव्हती.

मी ज्यांच्या घराशेजारच्या खोलीत राहायचो त्यांना अख्खं गाव मालक म्हणायचं. गावात पाणी उरलेली विहीर त्यांचीच, मळ्यातली. गावविहिरीत तळाला गढूळ पाणी होतं, ते पोहऱ्यानं खरवडून काढावं लागे. बौद्ध वस्तीची विहीर तर दिवाळीनंतर महिनाभरातच आटली होती. तिथल्या बायका नाल्याच्या वाळूत खड्डा करून झिरा काढायच्या आणि पाणी झिरपायची वाट बघत बसायच्या. मग नारळाच्या करवंटीनं एकेक करवंटी भरून घागरीत ओतायचं. माझ्या दाराशी मात्र मालकांचा गडी रोज सकाळी दोन घागरी आणून ठेवायचा. हे सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते या दोन घागरींमुळं झालं. दुसरी काही कारणं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ती खरी नाहीत.

चौथीच्या पुस्तकात पाण्याचा पाठ होता. पाण्याची तीन रूपं: बर्फ, पाणी, वाफ. मग पाणी तापतं, त्याची वाफ होते, वाफ वर जाते, थंड होते, ढग बनतात, पाऊस पडतो, पाणी पुन्हा खाली येतं. पुस्तकात एक चित्र होतं, समुद्र, डोंगर आणि बाण. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, मीही नाही. बर्फ मी वसमतच्या स्टँडवर सरबताच्या गाडीवर पाहिला होता, भुशात गुंडाळलेला. मुलांना विचारलं, बर्फ कुणी पाहिलाय? कुणाचाच हात वर झाला नाही. मग दाराजवळून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, गारा म्हंजी बर्फच की."

तिचं बरोबर होतं. ते मला सुचलं नव्हतं.

ती बौद्ध वस्तीतली होती. शाळेत उशिरा घातल्यामुळं वर्गातल्या मुलांपेक्षा दीड-दोन वर्षांनी मोठी, अकरा-बारा वर्षांची असेल. त्या वस्तीतली चार मुलं दाराजवळ बसायची. तसं बसा असं मी कधी सांगितलं नाही. मी आलो तेव्हा ती तिथं बसत होती आणि मी तशीच बसू दिली. शाळेत एक रांजण होता. त्यातलं पाणी ओगराळ्यानं काढून द्यायचं काम पाळीपाळीनं ठरलेल्या मुलांकडं असे. बाकीची पोरं पेल्यानं प्यायची, या चौघांनी ओंजळ धरायची. हेही मी रोज पाहायचो. त्या वर्षी मात्र रांजण पालथाच होता.

पाठ शिकवून झाल्यावर तीच मुलगी उभी राहिली.

"गुरुजी, आमच्या हिरीचं पाणी आटलं. ते वर गेलं का?"

"हो. काही जमिनीत गेलं, काही वर."

"मंग ते आता कुणाच्या गावाला पडंल?"

पोरं हसली. एकजण म्हणाला, "तुझ्या मामाच्या." ती त्याच्याकडं वळून म्हणाली, "पडू दे की. मामाची बी हीर आटलीय." ती हसली नाही, माझ्याकडं बघत उत्तराची वाट पाहत होती. मी सांगितलं की ते कुणाला सांगता येत नाही, वारा नेईल तिकडं. तिचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही झालं नाही. ज्या मुलांनी वर्षभर पाऊस पाहिला नव्हता त्यांना मी फळ्यावर बाण काढून पाऊस शिकवत होतो. म्हणून मी ठरवलं की वर्गात पाऊस पाडून दाखवायचा.

फाट्यावर एका मुसलमान चाचांचं चहाचं हॉटेल होतं. त्यांच्याकडून मोठी किटली मागून आणली. पण किटलीत घालायला पाणी कुठलं? माझ्या दोन घागरी मलाच लागतात, असं मला वाटायचं. मग मी पोरांना सांगितलं, उद्या प्रत्येकानं घरून जमेल तेवढं पाणी आणा, घोटभर असलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सगळेच आणतील असं मला वाटलं नव्हतं. सगळ्यांनी आणलं. कुणी फुलपात्रात, कुणी बाटलीत, एका मुलानं तर अडुळशाच्या औषधाच्या शिशीत. काहींचं वाटेत निम्मं सांडलं होतं. बहुतेकांच्या पाण्यात गाळ होता. दाराजवळची ती मुलगी जर्मनचा छोटा गडवा घेऊन आली होती, अर्ध्याहून जास्त भरलेला. तिचं पाणी सगळ्यांत स्वच्छ होतं, वाळूतून गाळून आलेलं. ती म्हणाली, "दिस उगवायच्या आधी बसले व्हते झिऱ्यावर."

ओसरीत तीन दगड मांडून मी कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला. एकेक मूल पुढं येई, मी त्याच्या हातातलं भांडं घेई आणि किटलीत ओती. ती आली. मी तिच्या हातातून गडवा घेतला आणि ओतला. थोडं तळाशी राहिलं होतं, म्हणून तिला म्हणालो, "सगळं ओतू का?" ती म्हणाली, "ओता की." मी ओतलं.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ते मी काही विचार करून केलं नव्हतं. नंतर एकदा एका सभेत कुणीतरी म्हणालं होतं की त्या काळात असे प्रयोग करायला हिंमत लागायची, आणि मी गप्प बसून ते ऐकून घेतलं. हिंमत नव्हती. मी विसरलो होतो. किटली, जाळ, ताट, पोरांचे चेहरे यांत मी इतका रंगलो होतो, की कुणाचं पाणी कुणाच्या पाण्यात पडतंय हे डोक्यातच आलं नाही. ते माझ्या डोक्यात आलं ते दुसऱ्या दिवशी, चार माणसं शाळेच्या पायऱ्या चढताना दिसली तेव्हा.

किटली उकळायला लागली. मी तोटीसमोर पितळी ताट तिरकं धरलं, ताटाच्या पाठीवर ओलं फडकं टाकलं. वाफ ताटाला लागून आधी नुसती धूसर झाली, मग त्या धुसरातून बारीक थेंब दिसायला लागले, थेंबाला थेंब मिळून ओघळ झाला आणि कडेवरून खालच्या वाटीत पहिला थेंब पडला. पोरं श्वास रोखून बघत होती. मी म्हणालो, किटली म्हणजे समुद्र, ताट म्हणजे वरची थंड हवा, आणि वाटी म्हणजे आपलं गाव.

"मंग गाव लईच बारकं हाय," एकजण म्हणाला.

तासाभरात वाटीत अर्ध्याच्या आतच पाणी जमलं. खाली किटलीत इतका गाळ, आणि वर आलेलं पाणी काचेसारखं. मी सांगितलं, पाणी वाफ होऊन वर जाताना घाण बरोबर नेत नाही, गाळ, मीठ सगळं खालीच सोडतं, म्हणून पावसाचं पाणी शुद्ध. मग सगळ्यांना रांगेत उभं करून चमच्यानं एकेकाच्या तळहातावर थोडंथोडं दिलं. पोरांनी चाटून बघितलं.

"ह्याला चवच न्हाई, गुरुजी."

"हीच पावसाची चव," मी सांगितलं.

तो माझ्या नोकरीतला सगळ्यांत चांगला तास होता. मागाहून कितीही चांगलं शिकवलं तरी तसा तास पुन्हा झाला नाही.

त्या दिवशी घरी जाऊन मालकांच्या नातवानं सांगितलं, आज आम्ही ढगाचं पाणी प्यालो. कसलं पाणी, तर सगळ्यांच्या घरचं, गुरुजींनी एका किटलीत केलं. सगळ्यांच्या म्हणजे कुणाकुणाच्या, असं आजीनं विचारलं आणि पोरानं नावं सांगितली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर मालक आणि गावातली तिघं आली. मालक ओरडणारे नव्हते. ओसरीवर बसले, मोठ्या गुरुजींनी सतरंजी टाकली होती तीवर. मला म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेले हायत. पाणी एक केलं का तुमी?"

मी चारी बाजूंना बघितलं. मोठे गुरुजी खाली बघत होते. माझा वर्ग समोरच बसला होता, चाळीसेक मुलं. मालकांनी धमकी दिली नाही. फक्त म्हणाले, "सांगा की. तुमी तर आमच्याच हिरीचं पाणी पिता."

आणि मी म्हणालो, "मी आपापलं पाणी आणायला सांगितलं होतं. तिचं वेगळं ठेवलं होतं. माझी पाठ होती तेव्हा तिनं ओतलं."

हे वाक्य बोलायला मला काही वेळ लागला नाही. नंतर कित्येकदा आठवून पाहिलं की मी अडखळलो होतो का. नाही अडखळलो.

मालकांनी तिला पुढं बोलावलं. ती आली.

"तू ओतलंस?"

"न्हाई. गुरुजींनी माझ्या हातातून गडवा घेतला. सगळं ओतू का म्हणले, मी ओता म्हणले."

"मास्तर?"

"खोटं बोलते," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघायला लागली. रागानं नाही. गणितात फळ्यावर माझी चूक झाली की ती जशी बघायची तशी, आता गुरुजी पुसून दुरुस्त करतील म्हणून. मग म्हणाली, "सगळ्यांनी बघितलं की. इचारा की ह्यांना."

मालकांनी वर्गाकडं बघितलं. त्या मुलांनी आदल्या दिवशी माझ्यावर नजर खिळवून प्रयोग पाहिला होता. प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली नाही, आणि मुलं गप्प राहिली. मी त्यांचा गुरुजी होतो. त्यांना कसं वागायचं ते माझ्याकडूनच कळलं.

मोठ्या गुरुजींनी तिला कान धरून उठाबशा काढायला लावल्या. किती ते मोजलं नाही कुणी. मालक उठून गेले तेव्हा ती अजून काढत होती.

तिचा बाप जवळा बाजारच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत तो माझ्या खोलीसमोर येऊन उभा राहिला. चपला लांब काढल्या होत्या. हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. मालक मळ्यात होते, गडीही नव्हता.

"गुरुजी, तकलीफ देऊन राहिलो," तो म्हणाला. "माझं लेकरू खोटं बोलत न्हाई. पण तुमी बी कशाला बोलताल. तवा एकदा मलाच सांगा, गावाला न्हाई सांगत मी. तिनं ओतलं का?"

ओसरीवर मी चार माणसांसमोर घाबरलो होतो, असं म्हणता येईल. इथं एकटा माणूस होता, आणि त्यानं मला वाट करून दिली होती. दाराशी सकाळच्या दोन घागरी होत्या, एक अजून भरलेली.

"हो," मी म्हणालो. "तिनंच ओतलं."

तो म्हणाला, "बरं," आणि चपला घालून गेला.

किटली परत द्यायला मी फाट्यावर गेलो तेव्हा चाचांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी किटली उलटीसुलटी करून पाहिली, तळ घासला. म्हणाले, "किटली तो मेरी थी, मास्तर. इत्ता बड़ा झगड़ा हुआ, मेरा नाम कायकू नै आया?" त्यांनी चहा दिला नाही. एरवी न मागता द्यायचे.

मुलगी शाळेत आली नाही. आठवडाभरानं तिचा बाप दाखला मागायला आला. वसमतच्या पुढं तिचा मामा होता, त्याच्याकडं ठेवून तिकडच्या शाळेत घालायचं म्हणत होता. दाखला मी लिहायला घेतला. त्यात वर्तणुकीचा रकाना असतो. त्या रकान्यात आम्ही डोळे झाकून 'चांगली' लिहायचो, सगळ्यांनाच. मोठे गुरुजी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "आता तसं लिहून चालणार नाही. मालक रजिस्टर बघतील." मी लिहिलं, 'समाधानकारक नाही'. तेच रजिस्टरात उतरवलं. अक्षर माझंच आहे, आजही ओळखू येतं. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद नीट घडी करून पटक्यात खोचला आणि मला हात जोडले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली झाली. लग्न झालं, मुलं झाली. पाण्याचा पाठ मी दरवर्षी शिकवला. प्रयोग कधी केला नाही. किटली मिळत नाही, असं मुलांना सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं की ती शिरड शहापूरला असते. मी गेलो. तिची मुलगी दवाखान्यात परिचारिका आहे, घर पक्कं आहे. ती दारातच तूर निवडत बसली होती. केस माझ्याहून पांढरे. मी कोण ते सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बसा. पाणी देऊ? का चालत न्हाई?"

मी म्हणालो, द्या. तिनं तांब्या भरून आणला. मी प्यालो. मग जे सांगायला आलो होतो ते सांगितलं, की ते पाणी मी ओतलं होतं आणि मी खोटं बोललो.

ती म्हणाली, "ते मला काहून सांगता? मला ठाऊकच व्हतं की."

इतकी वर्षं मनात तिच्यापुढं उभा राहत होतो, आणि ती म्हणत होती ते बरोबर होतं. या गोष्टीत ती एकटीच अशी होती जिला काही सांगायची गरज नव्हती.

मग तिनं सांगितलं. मामाच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींनी दाखला वाचला आणि बापाला विचारलं, पोरीनं असं काय केलं? तेव्हा बापाला कळलं की कागदावर काय लिहिलंय. तो तिला घेऊन तसाच परत आला. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागली. शाळा तिथंच संपली.

"बापानं मारलं का तुम्हाला?" मी विचारलं. मला अहोजाहो करताना अवघड वाटत होतं, पण अरेतुरे करायचा हक्क मी गमावला होता.

"न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं. हात बी लावला न्हाई कधी. पर मरेस्तोर इचारत ऱ्हायला. माझं लगीन झालं, लेकरं झाली, तरी मधीच इचारायचा. बाई, ते पाणी तूच ओतलं व्हतंस ना? सांग, मी रागावत न्हाई. मी म्हणायची, न्हाई बाबा. तो म्हणायचा, बरं. गुरुजी खोटं कशाला बोलतील, असं त्याला वाटायचं, अन् मी बी खोटं बोलत न्हाई हे बी वाटायचं. दोन्ही कसं बराबर असंल, ते त्याला सुटलंच न्हाई."

तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी त्याआधी आलो असतो तर त्याला कळलं असतं.

मी माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही मला सांगता येत नाही. तूर पुन्हा पुढ्यात ओढून ती म्हणाली, "जिथं म्हणले व्हते, तिथं जाऊन सांगा. माझ्या घरात येऊन काय उपयोग."

म्हणून मी सव्वीस जानेवारीला त्या गावात गेलो. झेंडावंदन झाल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी सगळं सांगितलं. मुलांना खाऊची घाई होती. सरपंच, मालकांच्या घरातलाच एक तरुण, म्हणाला, जुन्या गोष्टी आहेत गुरुजी, आता असं काही राहिलं नाही. मागं भिंतीला टेकून माझ्या त्या वर्गातला एक म्हातारा उभा होता. सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मी पुढंच बसलो व्हतो, गुरुजी. मी बी बघितलं व्हतं." त्याचे डोळे भरले होते. मी त्याला म्हणालो, तुझी चूक नाही. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

जुनं रजिस्टर बाईंनी कपाटातून काढून दाखवलं. त्यात दुरुस्ती करता येत नाही, तसा नियम आहे, असं त्या म्हणाल्या, आणि नियम बरोबर आहे. ती नोंद तशीच राहील. तेव्हा दुसरी नोंद इथं करतो. त्या दिवशी किटलीत तिचं पाणी मी ओतलं. मी विचारल्यावर ओता म्हटलं, एवढंच तिनं केलं. ओसरीवर ती खरं बोलली आणि मी खोटं बोललो. तिच्या बापाला मी दुसऱ्यांदा खोटं सांगितलं, आजूबाजूला कुणी नसताना. तिची वर्तणूक चांगली होती.